मॉर्टलेकची राहुटी

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून रिचमंडकडे जाणारी लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आत मॉर्टलेक येतं. टेम्सकाठचं हे जुनं गाव आता महानगरात पार मिसळून गेलं आहे आणि पर्यटक इथे सहसा उतरत नाहीत. रुळांच्या कडेने जाणाऱ्या नॉर्थ वर्पल वे नावाच्या गल्लीत सेंट मेरी मॅग्डलेन हे रोमन कॅथलिक चर्च आहे. त्याच्या छोट्याशा दफनभूमीत क्रूस आणि देवदूतांच्या दाटीत एक अरबी तंबू उभा आहे. बारा फूट लांब, बारा फूट रुंद, उंची अठरा फुटांच्या आसपास, आणि सगळा दगडाचा. पाथरवटाने कापडाच्या चुण्या दगडात अशा उतरवल्या आहेत की दोऱ्या ताणून नुकतीच कनात बांधली असावी असं दुरून वाटतं. कनातीच्या वरच्या कडेला चंद्रकोरी आणि तारे आहेत, दाराच्या माथ्यावर येशूचा क्रूस. दार बंद आहे. मागच्या बाजूला मात्र एक लोखंडी शिडी लावलेली आहे. ती चढून काचेतून आत पाहिलं की दोन शवपेट्या, एक छोटी वेदी, टांगलेले दिवे आणि उंटांच्या गळ्यातल्या घंटा दिसतात. एके काळी दार उघडलं की या घंटा आपोआप किणकिणाव्यात अशी सोय केलेली होती. आत निजले आहेत कॅप्टन सर रिचर्ड फ्रान्सिस बर्टन आणि त्याची बायको इझाबेल. ही राहुटी तिने उभारली, १८९१ मध्ये, नवरा गेल्यावर वर्षाच्या आत.

बर्टनविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी इझाबेलला एकाच कृत्यासाठी लक्षात ठेवलं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने त्याचं शेवटचं हस्तलिखित जाळलं. ते जाळलं हे खरं आहे आणि त्याची हळहळ मलाही आहे. पण या राहुटीपुढे उभं राहिल्यावर माझं मत पक्कं होतं की शंभरावर वर्षं चाललेला हा खटला एकतर्फी चालला. अनेक नाद असलेल्या माणसाची आठवण ठेवणं अतिशय अवघड असतं, कारण आठवणारा प्रत्येक जण आपल्याला हवा तो नाद उचलतो आणि बाकीचे टाकून देतो. बर्टनचे सगळे नाद एका छपराखाली ठेवायचा प्रयत्न फक्त त्याच्या विधवेने केला. तिचा न्याय करायचा तर तिने जाळलेल्या पानांबरोबर तिने राखलेली पानंही मोजायला हवीत.

आधी हा माणूस किती पसरलेला होता ते पाहू. ऑक्सफर्डमधून काढून टाकलेला एकवीस वर्षांचा बर्टन १८४२ मध्ये कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत दाखल झाला. पलटण अठरावी नेटिव्ह इन्फन्ट्री, ठाणं बडोदा. एकामागून एक भाषांच्या परीक्षा देण्याचा सपाटा त्याने तिथे लावला. हिंदुस्तानी झाली, गुजराती झाली, पुढे मराठी झाली, सिंधमधल्या मोजणी खात्यात गेल्यावर सिंधी आणि फारसी. आजारपणाची रजा मिळाली तेव्हा १८४७ मध्ये मुंबईहून पतमारीत बसून तो गोव्याला गेला, तिथून निलगिरीकडे, आणि त्या रजेचंही १८५१ मध्ये पुस्तक झालं. सिंधमध्ये असताना ससाणे पाळून शिकारीचा नाद लागला, त्यावर १८५२ मध्ये पुस्तक. पुढच्या वर्षी संगिनीच्या कवायतीवर पुस्तक. वेष बदलून त्याने हाजी म्हणून मक्का-मदिना केली. सोमाली किनाऱ्यावर बर्बेरा इथे १८५५ मध्ये भाला एका गालातून घुसून दुसऱ्यातून बाहेर आला, तो व्रण त्याच्या अनेक छायाचित्रांत दिसतो. स्पीक या जोडीदाराबरोबर नाईलच्या उगमाच्या शोधात १८५८ मध्ये तो टांगानिका सरोवरापर्यंत पोचला. वेताळाच्या गोष्टी त्याने इंग्रजीत नेल्या. १८८४ मध्ये तलवारीचा जगभरचा इतिहास लिहिला, आणि हे लिहिणारा स्वतः पट्टीचा पटाईत होता. अरबी सुरस कथांचे दहा खंड १८८५ पासून आले, त्यांना पुरवणीचे आणखी सहा खंड जोडले. नकाशे, खाणी, संमोहन, जुनी शिलालेखांची अक्षरं, यांची यादी करत बसलो तर राहुटी मागेच राहील.

ट्रिएस्टच्या घराचं एक वर्णन प्रसिद्ध आहे. आज इटलीत असलेलं हे बंदर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं आणि बर्टन तिथे १८७२ पासून मरेपर्यंत ब्रिटिश वकील होता. त्याच्या घरात साध्या देवदारी लाकडाची अकराएक टेबलं मांडलेली असत. प्रत्येक टेबलावर एकेका पुस्तकाचं काम, त्याचेच कागद, त्याचीच संदर्भाची पुस्तकं. एका विषयाचा कंटाळा आला की गडी उठून दुसऱ्या टेबलाशी बसे. माझ्या दृष्टीने बर्टनचं सगळ्यात खरं चित्र हेच. पण त्याची कीर्ती या अकरांतल्या एका टेबलावर येऊन थांबली, शृंगारविषयक ग्रंथांच्या. वाचकाला ते टेबल हवं होतं, प्रकाशकाला हवं होतं. भूगोलवाल्यांना नाईलचं टेबल हवं होतं आणि साम्राज्याच्या भक्तांना मक्केचं. उरलेल्या टेबलांवरची धूळ कोणी झटकली असेल तर ती घरच्या बाईने.

धूळ झटकणं हा शब्द मी कमीपणाने वापरत नाही. इझाबेल अरंडेल ही जुन्या कॅथलिक घराण्यातली मुलगी, जन्म १८३१ चा. दहा वर्षं वाट पाहून, आईचा विरोध पत्करून तिने १८६१ मध्ये बर्टनशी लग्न केलं. त्याच वर्षी त्याने पश्चिम आफ्रिकेतल्या फर्नांदो पो बेटावरची वकिलात घेतली आणि मुंबई फौजेने त्याचं नाव पटावरून काढून टाकलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीचं निवृत्तिवेतन गेलं. हातात राहिली ती कॅप्टन ही पदवी, जी राहुटीवर कोरलेली आहे. पुढे ब्राझील, मग दमास्कस. तिथून १८७१ मध्ये सरकारने त्याला तडकाफडकी परत बोलावलं, तेव्हा त्याने बायकोला निरोप धाडला की देणी चुकव, सामान बांध आणि मागून ये. देणी तिने चुकवली, सामानही तिनेच बांधलं. त्याच्या हस्तलिखितांच्या प्रती करणं, प्रकाशकांशी घासाघीस, मंत्रालयांत खेटे घालणं, सगळं तिच्याकडे. लुई द कामोंइश या पोर्तुगीज महाकवीच्या महाकाव्याचं, म्हणजे गोव्याच्या वास्तव्याशी जोडलेल्या कवीच्या काव्याचं, बर्टनने केलेलं भाषांतर १८८० मध्ये निघालं. त्याच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून तिचं नाव आहे. सुरस कथांच्या १००० प्रती वर्गणीदारांना विकण्याचा कारभारही तिने पाहिला आणि आयुष्यात प्रथमच बर्टनच्या हातात चांगला पैसा खेळला. अशा बाईला नवऱ्याच्या कामाची समज नव्हती असं जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब पाहिलेला नसतो.

आता तो जाळलेला कागद. शेख नफझावी याच्या अरबी कामशास्त्रीय ग्रंथाचं मोठं, टिपांसह भाषांतर बर्टन अखेरपर्यंत करत होता. २० ऑक्टोबर १८९० ला पहाटे तो गेला. त्या हस्तलिखितासाठी एका गिऱ्हाइकाने इझाबेलला ६००० गिनी देऊ केल्या होत्या. पैशाची तिला खरोखर गरज होती. तिने ते जाळलं आणि १८९१ च्या जूनमध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ या वर्तमानपत्रात पत्र छापून स्वतःच जाहीर केलं. इथे मला थांबावंसं वाटतं. लपवायचं असतं तर काहीच अवघड नव्हतं. ट्रिएस्टच्या घरातून काय आलं आणि काय आलं नाही, हे कोणाला कळणार होतं? तिने सांगितलं म्हणून जग जाणतं. ज्या कृत्यासाठी तिची गणना कारस्थानी बायकांत होते, त्याचा मुख्य पुरावा तिच्याच सहीचा आहे. आणि जळलं ते किती? याच ग्रंथाचं भाषांतर बर्टनने १८८६ मध्ये फ्रेंचवरून करून छापलेलं होतं, ते आजही मिळतं. गेला तो अरबीवरून केलेला विस्तार आणि त्याच्या टिपा. त्या टिपांत बर्टनची आयुष्यभराची निरीक्षणं असणार, म्हणून नुकसान मोठं आहे. पण एक टेबल जळलं म्हणजे घर जळलं असं होत नाही.

यावर कोणी म्हणेल, जाळणं ते जाळणंच, पानं मोजून गुन्हा लहान होत नाही. आक्षेप रास्त आहे. दुसऱ्याच्या बुद्धीचं फळ नष्ट करण्याचा हक्क वारसालाही नाही, असं माझंही मत आहे. तिच्या मागे तिच्या बहिणीने आणखी कागद अग्नीला दिले, त्यात रोजनिश्या होत्या, आणि तो तोटा मला जास्त मोठा वाटतो. फक्त एवढंच म्हणायचं आहे की आगीची मोजदाद करायची तर दोन्ही बाजूंनी करा. लग्नाच्या सुमारास लंडनमधल्या ज्या गोदामात बर्टनचं सामान ठेवलेलं होतं त्याला आग लागली आणि तरुणपणी भारतात जमवलेली अरबी-फारसी हस्तलिखितं, पोशाख, टिपणं यांची राख झाली. त्या राखेत माकडांच्या बोलीवरची टिपणंही होती. तरुण बर्टनने घरात माकडं पाळली होती. त्यांना जेवायला टेबलाशी बसवून तो त्यांचे आवाज टिपत असे आणि साठेक ‘शब्दांचा’ कोश त्याने जमवला होता. हा नाद आज आपल्याला ठाऊक आहे तो इझाबेलने १८९३ मध्ये दोन खंडांत लिहिलेल्या चरित्रामुळे. आगीने नेलेली गोष्ट तिच्या आठवणीने परत आणली. चरित्रकार ही माकडं मोठ्या आवडीने सांगतात, आणि पुढच्याच प्रकरणात ती सांगणारीला झोडपतात.

त्या चरित्रावरचा आक्षेप असा की ते भक्तीने लिहिलेलं आहे, त्यात नवऱ्याचं काही चुकतच नाही आणि नको त्या गोष्टी गाळलेल्या आहेत. बर्टनच्या पुतणीने रागावून १८९६ मध्ये ‘खरं’ चरित्र म्हणून दुसरं पुस्तक काढलं. १९०६ मध्ये आणखी एक आलं, तेही इझाबेलवर कडक. विश्वासार्हतेचा प्रश्न मी उडवून लावत नाही. तिच्या पुस्तकातल्या तारखा तपासून घ्याव्या लागतात, स्वतःच्या बाजूचं वकीलपत्रही तिने घेतलेलं आहे. मात्र मराठी वाचकाला या प्रकारच्या पुस्तकाची ओळख आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले आणि त्यांच्या पत्नी रमाबाईंनी १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. रानड्यांचं अर्थशास्त्र समजून घ्यायला कोणी त्या पुस्तकाकडे जात नाही. पण कलकत्त्याच्या मुक्कामात बंगाली शिकणारे रानडे हजामत करायला आलेल्या न्हाव्याला शब्द विचारताहेत, हे आपल्याला रमाबाईंनी सांगितलं. हजार अहवालांत ते कुठे सापडलं असतं? रमाबाईंचे रानडे हे पूर्ण रानडे नव्हेत. तरी त्यांच्यावाचून रानडे अपुरे राहिले असते. इझाबेलच्या पुस्तकाला मी हाच नियम लावतो. भक्ती असलेलं लिखाण खोटं असतं असं धरून चालणारा वाचक आपणहून आंधळा होतो, कारण भक्ती असलेलं माणूसच बारीकसारीक गोष्टींकडे इतका वेळ पाहत राहतं.

सगळ्यात कडवट आक्षेप धर्माचा आहे. बर्टन मरताना, काहींच्या मते मेल्यावर, इझाबेलने पाद्री बोलावून त्याला कॅथलिक अंत्यसंस्काराचं तेल लावलं. आयुष्यभर कुठल्याच देवळात न मावलेल्या माणसाला तिने आपल्या चर्चच्या आवारात आणून पुरलं. त्याचे कित्येक मित्र या रागाने दफनाला आलेच नाहीत. या बाबतीत तिने आपल्या श्रद्धेपुढे नवऱ्याचं मन दुय्यम मानलं, हे मला नाकारता येत नाही. पण मॉर्टलेकला प्रत्यक्ष यावं आणि दगडाकडे पाहावं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, कॅथलिक दफनभूमीत, तिने मक्केच्या हाजीसाठी अरबी तंबू उभारला आणि क्रूसाच्या शेजारी चंद्रकोरी कोरल्या. पाद्रीच्या तेलाविषयी बोलणारे या चंद्रकोरींविषयी बोलत नाहीत. नवऱ्याला जाळून घेणं नको होतं आणि आपण दोघांनी तंबूत शेजारी शेजारी निजावं असं तो म्हणाला होता, हे तिचं सांगणं आहे. ते खरं मानलं तर तिने त्याची इच्छा पुरवली. नसेल मानायचं तरी एवढं खरंच की त्याला काय शोभेल हे तिला बरोबर कळलं. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या भिंतीतली पाटी त्याला शोभली नसती.

उरतो आपला आक्षेप, मराठी माणसाचा. कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी, ज्याने गोव्याच्या लोकांविषयी अतिशय तुच्छतेने लिहिलं, आफ्रिकेतल्या लोकांविषयी त्याहून वाईट लिहिलं, त्याच्या कबरीशी आपण का थांबायचं? त्याच्या नावाभोवती फिरणाऱ्या कामसूत्राच्या १८८३ च्या इंग्रजी अवतारामागे मुंबईचे भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे या विद्वानांचे कष्ट आहेत आणि कीर्ती मात्र साहेबाला मिळाली. हे सगळं मान्य करूनच मी थांबतो. बर्टनची थोरवी गायला मी आलेलो नाही. मला इथे दिसतो तो आठवण ठेवण्याचा एक नमुना, आणि त्याच्या दोषांसकट तो अभ्यासण्यासारखा आहे. पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसाची आठवण आपल्याकडेही बहुतेक वेळा गणवेशातल्या एका फोटोवर आटोपते. सातारा-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत तो फोटो असतो, हाराखाली. त्या माणसाला पेटी वाजवायचा, कलमं बांधायचा, घड्याळं उघडून बसायचा नाद होता का, हे फोटो सांगत नाही. सांगू शकणारी व्यक्ती बहुधा स्वयंपाकघरात असते आणि तिला कोणी विचारत नाही. इझाबेलला कोणी विचारलं नव्हतं, तरी तिने हजार-बाराशे पानं लिहून सांगितलं.

मॉर्टलेकहून त्याच लोकलने पुढे ट्विकेनहॅमला जावं. नदीकाठी ऑर्लिन्स हाऊस गॅलरी आहे, आणि बर्टनच्या वस्तूंचा, चित्रांचा मोठा संग्रह तिच्याकडे आहे. आल्बर्ट लेचफर्ड या चित्रकाराने रंगवलेल्या ट्रिएस्टच्या घरातल्या खोल्या त्यात आहेत. नवरा गेल्यावर त्याच्या खोल्या होत्या तशा कॅनव्हासवर राहाव्यात, याला मी हौस म्हणणार नाही. त्याच्या संग्रहातली दोन हजारांहून अधिक पुस्तकं आज कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत, समासात त्याच्या बारीक अक्षरातल्या नोंदींसह. वरचेवर गावं बदलणाऱ्या, हातात पैसा नसलेल्या संसारातून ही पुस्तकं फुटून गेली नाहीत आणि त्याच्या मागेही एकत्र राहिली, हा काही योगायोग नव्हे. मेरी लव्हेल यांनी १९९८ मध्ये दोघांचं एकत्र चरित्र लिहिलं, तेव्हा इझाबेलच्या नावावर सांगितली जाते तेवढी जाळपोळ मुळात झालीच नव्हती असं कागदपत्रांवरून दाखवलं. त्यानंतर अभ्यासकांचा सूर बराच मवाळ झाला. कबरीवरची राहुटी १९७५ मध्ये एकदा आणि २०१२-१३ मध्ये पुन्हा दुरुस्त झाली. मवाळ झालेला सूर आणि दुरुस्त झालेला दगड या दोन्हींना इतका उशीर का लागला, तर आधीच्या पिढ्यांनी बायकोचं सांगणं साक्ष म्हणून धरलंच नाही. ज्या मित्राने बर्टनला दोन संध्याकाळी क्लबात पाहिलं त्याची आठवण पुरावा ठरली, आणि तीस वर्षं संसार केलेल्या बाईची आठवण मात्र प्रचार.

राहुटी बांधून झाल्यावर इझाबेलने जवळच एक लहान घर घेतलं आणि ती वरचेवर तिथे येऊन बसत असे. १८९६ च्या मार्चमध्ये कर्करोगाने ती गेली. आत दुसरी पेटी आली. नवऱ्याच्या पुस्तकांची स्मृतिआवृत्ती काढायचं काम तिच्या हातून अपुरंच राहिलं.

तिने स्वतःचीही पुस्तकं लिहिली आहेत हे फार थोड्यांना माहीत असतं. १८७६ मध्ये ती नवऱ्याबरोबर जेद्दाहून हाजींच्या जहाजाने मुंबईला आली. त्याच्या तरुणपणीच्या जागा तिला पाहायच्या होत्या. मुंबई, माथेरान, पुणे, महाबळेश्वर आणि गोवा तिने पाहिले, आणि ‘अरेबिया, इजिप्त, इंडिया’ या १८७९ च्या पुस्तकात लिहून ठेवले. लंडनला जाणाऱ्यांनी मॉर्टलेकला जरूर उतरावं, पण त्याआधी तिचं हे पुस्तक वाचावं. ते जुन्या ग्रंथालयांत आणि संगणकावर फुकट मिळतं.